नंबर सांगा फक्त

कुसगावात काही पावसाळे काढले की गाडी न बघताही तिच्याबद्दल बरंच कळायला लागतं. मुंबईकडून घाट चढून आलेला ट्रक सपाटीला लागला की त्याच्या इंजिनाचा सूर उतरतो. पुण्याकडून येणाऱ्याला अजून घाट उतरायचा असतो. तो इथे आल्यावर वेग आवरतो की वाढवतो, यावरून चालकाचा निम्मा स्वभाव समजतो. एखादा बाजूला थांबून लोखंडी रॉडने टायर वाजवून बघतो. एखादा मोबाइल समोरच्या स्टँडवर नीट बसवून घेतो. द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग आणि रेल्वे, तिन्ही आम्हाला हाकेच्या अंतरावर. द्रुतगती मार्गावरून लोणावळ्याला उतरताना लागणाऱ्या टोलनाक्याला आमच्याच गावाचं नाव आहे. २०१९ पासून ज्याचं काम चाललं त्या मिसिंग लिंकचं पुण्याकडचं टोकही इथेच येतं. खोपोलीपासून १३.३ किलोमीटरची वाट, त्यात दोन बोगदे, त्यातला एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा. थोडक्यात, आमच्या गावाला रस्त्यांची कमतरता नाही. रस्त्यावर जे चुकीचं दिसतं ते सांगायचं कुणाला, हा प्रश्न मात्र मला बरेच दिवस सुटत नव्हता.

तो नीट डोक्यात शिरला तो एका बातमीमुळे. २२ मार्च २०२५, शनिवारची संध्याकाळ. आयपीएलचा अठरावा हंगाम त्याच दिवशी सुरू झाला होता. दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक लोणावळ्याजवळ मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत गाडी चालवत होता. एका प्रवाशाने ते चित्रित केलं आणि चित्रफीत थेट परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे पाठवली. मंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले. चालक एसटीचा नव्हता, बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीचा होता. त्याला कामावरून काढून टाकलं आणि कंपनीला ५,००० रुपये दंड झाला.

वाचून आधी बरं वाटलं, ते लपवत नाही. वेगवान गोलंदाज धावत येऊन चेंडू टाकेपर्यंत पाचेक सेकंद जातात. ताशी ८० किलोमीटरने जाणारी बस तेवढ्यात ११० मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एकेक चेंडू बघण्यासाठी त्या माणसाने चाळीसेक जणांना शंभर मीटरहून जास्त आंधळं नेलं. षटकात चेंडू सहा. याची तक्रार करावी की करू नये, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने त्या बसमध्ये आपली मुलगी बसली आहे असं समजावं.

पण बातमीतला दुसरा आकडा डोक्यातून जाईना. एकाची नोकरी गेली आणि दुसऱ्याचे ५,००० रुपये. दादर ते स्वारगेट एका फेरीच्या तिकिटांतून किती पैसे जमतात, याचा अंदाज त्या बसने जाणाऱ्या कुणालाही आहे. दंडाची रक्कम त्या हिशेबात शोधावी लागेल. एसटीच्या कायम सेवेतल्या चालकावर तक्रार आली तर आरोपपत्र, खुलासा, चौकशी, अपील अशी वाट असते. ती लांब असते, कधीकधी इतकी लांब की तक्रार करणाराच तक्रार विसरतो. तरी त्या वाटेवर चालकाला तोंड उघडायला जागा असते. सलग कितवी फेरी होती, आदल्या रात्री झोप झाली होती का, फोन लावून गाडी चालवणारा तो एकटाच होता की सगळेच तसं करत होते आणि सापडला तो, हे तिथे कागदावर येऊ शकतं. ठेक्यावरच्या माणसाला ही वाट नाही. चित्रफीत आली, माणूस गेला. तो निर्दोष होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याला काढलं ते ठीकच झालं. मात्र एवढ्या पटकन आणि एवढ्या स्वस्तात प्रकरण मिटतं, तेव्हा ते कुणासाठी मिटवलं गेलं, असं मनात येतंच.

आणखी एक. चाळीसेक जणांच्या गाडीत चालकाच्या समोरचा उजळलेला पडदा एकालाच दिसला असेल का? पुढच्या दोन रांगांना तरी दिसलाच असणार. त्यातल्या कुणी उठून "दादा, तो फोन ठेवा बघू" असं म्हटलं का, हे बातमीत नव्हतं. कदाचित म्हटलंही असेल. पण मी स्वतः तशा बसमध्ये बसून पाहिलं आहे, आणि तोंड उघडायला किती जड जातं ते मला माहीत आहे. काच बंद, एसी चालू, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. चालक म्हणजे आपल्या पैशात येणाऱ्या सोयींपैकी एक. पुश-बॅक सीट, पाण्याची बाटली, चालक. सोयीशी कुणी बोलत नाही. ती बिघडली तर फार तर तक्रार नोंदवतात.

लाल एसटीत असं नव्हतं. तिथे चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये कंडक्टर होता, आणि हे मधे असणं फार कामाचं होतं. मावळात आम्ही त्याला मास्तर म्हणतो. गाडी वळणावर फारच झुकली की मागून एखादी आजी ओरडायची, "ओ मास्तर, सांगा की त्याला, लेकरं हायेत गाडीत." मास्तर पुढे जाऊन जाळीतून काहीतरी पुटपुटायचा. काय बोलायचा कोण जाणे, बहुधा "म्हातारी कावलीय, जरा दमानं घे" इतकंच. गाडी मात्र दमाने जायची. चालकाची इभ्रत राहायची, म्हातारीचं ऐकलं जायचं. त्यानेही भागलं नाही तर तक्रार पुस्तक. "तक्रार पुस्तक द्या" असं मोठ्याने म्हटलं की निम्म्या वेळा त्यात लिहावंच लागायचं नाही. त्याच्या वर वाहतूक नियंत्रक, त्याच्या वर आगार व्यवस्थापक, त्याच्याही वर विभाग नियंत्रक. शिवनेरीत वाहक सोबत नसतो. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या गाड्यांमध्ये 'शिवनेरी सुंदरी' नेमण्याची घोषणा झाली होती. विमानात असतात तशा सेविका. मास्तर काढून टाकल्यावर रिकाम्या जागेत काय बसवायचं, याचं ते उत्तर असेल तर त्यावर मी अधिक बोलत नाही.

सांगायचं ते असं की तक्रारीच्या मधल्या पायऱ्या गेल्या. आता एकतर गप्प बसायचं, नाहीतर थेट मंत्र्याकडे चित्रफीत पाठवायची. ज्याने ती पाठवली त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या हाताशी होतं ते त्याने वापरलं. पण हाताशी एवढंच उरलं की सामान्य, पापभीरू माणूस बहुतेक वेळा पहिला पर्याय घेतो. आपल्या एका बोटाने कुणाची नोकरी जाऊ नये असं त्याला वाटतं. हे वाटणं चांगुलपणातूनच येतं, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. कारण त्या चांगुलपणाची किंमत तो स्वतः देत नाही. देतो तो पुढच्या गाडीतला.

घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्याला ही किंमत ऐकीव नसते. जुन्या महामार्गावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली आणि बदल्यात त्याचा जीव गेला, अशी कथा सांगतात. आजही ट्रकवाले तिथे नाणं टाकतात, हात जोडतात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे त्याच देवळाजवळ एक खासगी बस दरीत गेली. पुण्यातला कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणाऱ्या झांजपथकातली मुलं तिच्यात होती. १३ जण गेले. त्याआधी, २०१२ च्या डिसेंबरात, द्रुतगती मार्गावर उर्से टोलनाक्याजवळ आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे टेम्पोच्या धडकेत गेले, अक्षयचं दोन वर्षांचं मूलही गेलं. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत कारण ती टीव्हीवर दिसायची. २०१६ साली एकट्या द्रुतगती मार्गावर दीडशेच्या आसपास माणसं मेली, त्यांतली बाकीची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. पुढे सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून काम केलं आणि तो आकडा बराच खाली आला. २०२४ च्या जुलैपासून तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणाही बसली. वेग, मार्गिका तोडणं, कानाला लावलेला फोन, सगळं टिपते म्हणतात.

ती टिपते आणि दंड पाठवते गाडीच्या नंबरावर, म्हणजे मालकाच्या नावावर. पुढे काय होतं ते मला वळवणच्या पुढच्या एका टपरीवर एका ट्रेलरवाल्याने सांगितलं. माणूस लातूरकडचा, वयाने माझ्याहून थोडा लहान, चहात बिस्किट बुडवून ते पडू न देता तोंडापर्यंत नेण्यात तरबेज. "मालक दंड भरतो आणि माझ्या पगारातून कापतो," तो म्हणाला. मी विचारलं, मग फोनवर बोलताच कशाला? त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं. "बाई, निम्मे फोन मालकाचेच असतात. कुठं पोचला, कुठं पोचला. उचलला तर तुम्ही फोटो काढता, नाही उचलला तर तो आयमाय काढतो. फोन कुणाचा होता, ते फोटोत येत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी त्याला ई-शिवनेरीची गोष्ट सांगितली. म्हटलं, तो तर मॅच बघत होता, मालकाचा फोन नव्हता. त्याने बिस्किटाचा पुडा गुंडाळून खिशात टाकला. "त्याला सोडू नये," तो म्हणाला. "माणसं घेऊन जाणाऱ्यानं तसं करूच नये. माझ्या मागं लोखंड असतं." आपल्यातल्याच एकाबद्दल इतका सरळ निकाल दिल्यावर तो पुढे म्हणाला, "तुम्ही वर्षातनं एकदा तक्रार करणार. आमची तक्रार रोज होते. उशीर झाला म्हणून."

हा राग मी जानेवारी २०२४ मध्ये लांबून पाहिला होता. धडकेत कुणाचा जीव घेऊन पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारं नव्या न्याय संहितेतलं कलम वाचून देशभर ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत सरकारने चर्चा केल्याशिवाय ते लागू करणार नाही असं सांगितलं, आणि १ जुलैपासून संहिता अमलात आली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर तुरुंग, असं त्यांचं म्हणणं होतं. जमाव मारतो हे खोटं नाही. मी पाहिलं आहे.

आता गावातली गोष्ट. आमच्या भागात बांधकामं इतकी चालतात की मुरूम, खडी, माती यांची ने-आण अखंड असते, आणि ती हायवा गाड्यांनी होते. दहा चाकांची गाडी, वर भरलेला माल, आणि खाली बैलगाडीसाठी आखलेला, नंतर डांबर पडलेला रस्ता. चालकांना खेपेवर पैसे. जितक्या खेपा तितकी कमाई. सकाळी शाळेच्या वेळेला या गाड्या जिल्हा परिषदेच्या शाळेवरून जातात. त्या दिवशी एक हायवा वळणावर दुसऱ्या हायवाला ओलांडून पुढे गेली, आणि सायकलवरून येणारी पाचवी-सहावीतली एक मुलगी गटारात उतरली. उतरली म्हणते, कारण ती पडली नाही. सायकलसकट कडेच्या खाचेत उभी राहिली आणि गाडी निघून गेल्यावर सायकल वर ओढून शाळेत गेली. जणू हे रोजचंच आहे. तिने दप्तरही झटकलं नाही. चालकाच्या एका कानात इअरफोन होता. गाडीचा नंबर मला वाचता आला.

चालक ओळखीचा होता, ही खरी अडचण. नाव माहीत नव्हतं, पण आमच्याच वाण्याकडून दूध आणि पाव नेणारा, मागच्या चाळीत तिघा-चौघांबरोबर खोली घेऊन राहणारा पोरगा. विदर्भाकडचा असावा, 'करून राहिलो' असं बोलायचा. एकदा माझी गॅसची टाकी न सांगता उचलून आत ठेवली होती त्याने. अनोळखी चालकाविरुद्ध लिहायला हात सैल सुटतो. दूध नेणाऱ्याविरुद्ध तो अडतो.

गावात दोन मतं मिळाली, दोन्ही ताबडतोब. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, कशाला उगीच? त्याचंही पोट आहे." कोपऱ्यावरच्या मुलांचं म्हणणं वेगळं. "काच फोडली की आपोआप हळू जातात." मला गंमत वाटली ती अशी की या दोन टोकांमध्ये एक गोष्ट समान होती. दयेला कागद नको होता आणि दगडालाही नको होता. कुणीतरी बसून तारीख, वेळ, ठिकाण, नंबर, काय पाहिलं ते लिहावं आणि खाली सही करावी, एवढं साधं काम दोघांनाही अतिरेकी वाटत होतं. आयुष्यभर शाळेत मुलांना अर्जलेखन शिकवल्यामुळे असेल, मला दोघांचाही राग आला.

तरी आधी मी माती जिथे टाकली जात होती तिथे गेले. मधली पायरी म्हणून. सुपरवायझर तरुण होता, सौजन्याने वागला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेऊन त्याने वही उघडली.

"बाई, नंबर सांगा फक्त. उद्यापासून दिसणार नाही."

"गाडी?" मी विचारलं.

तो हसला. "गाडी कशी काढू? तिच्यावर बँकेचा हप्ता आहे. पोरगा काढतो."

मी नंबर सांगितला नाही. त्या क्षणी चालकाची दया आली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं कारण वेगळं होतं. त्याच्या बोलण्यातला सोपेपणा मला नको होता. मी नंबर सांगितला असता तर त्या पोराच्या जागी दुसरा पोरगा आला असता, त्याच गाडीवर, तितक्याच खेपांसाठी, आणि वाटेत तीच शाळा लागली असती. माझी तक्रार घेऊन त्याने स्वतःचं काम करून घेतलं असतं. सुपरवायझरला विचारलं, दिवसाला खेपा किती ठरवल्यात? त्याने वही मिटली. "ते मालक ठरवतात."

घरी येऊन मी मोटार वाहन कायदा काढला. १९८८ चा कायदा, २०१९ च्या दुरुस्तीसह. कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं, ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हातात फोन धरणं, चुकीच्या पद्धतीने ओलांडणं, हे दुरुस्तीनंतर त्यात नाव घेऊन आलं आहे. पण मला हवं होतं ते आजूबाजूला सापडलं. कलम १८८ म्हणतं, असा गुन्हा करायला जो चिथावतो, मदत करतो, त्यालाही तीच शिक्षा. आणि वेगाबद्दलच्या १८३ मध्ये चौथं पोटकलम आहे. एखादा प्रवास अमुक वेळात पुरा झाला पाहिजे असं वेळापत्रक कुणी काढलं किंवा तसा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तो प्रवास त्या वेळात होणं शक्य नाही असं न्यायालयाला दिसलं, तर ते वेळापत्रकच तो काढणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा घातला. कायदा करणाऱ्यांना टपरीवरचा ट्रेलरवाला माहीत होता. फोन कुणाचा होता ते फोटोत येत नाही, पण खेपा कुणाच्या होत्या ते कागदात येऊ शकतं. इतकी वर्षं आपण नंबर टिपत बसलो आणि वेळापत्रक कुणी मागितलंच नाही. ई-शिवनेरीच्या बाबतीतही, फोन ठेवायची सक्ती होती का, दोन फेऱ्यांमध्ये किती तास सुटी होती, हे प्रश्न चित्रफितीच्या मागोमाग विचारले गेले असते तर ५,००० चा आकडा इतका निवांत बसला नसता. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, असं तो सांगायचा. २०२५ पर्यंत, साठ वर्षांहून अधिक काळ सांगत राहिला.

मग नंबर लिहायचा की नाही? लिहिला. यावर मी रात्रभर तळमळले वगैरे नाही. त्या मुलीची आई उद्या दारात येऊन "तुम्हाला नंबर दिसला होता ना?" असं विचारेल, तेव्हा पोराने टाकी उचलली होती हे उत्तर देता येणार नाही, इतकंच डोक्यात होतं. शिवाय तक्रार करणारा न्यायाधीश नसतो. जे पाहिलं तेवढं सांगणं त्याचं काम, कमीही नाही आणि जास्तही नाही. मी 'बेदरकार', 'मद्यधुंद' असले शब्द लिहिले नाहीत. वळणावर ओलांडलं, कानात इअरफोन होता, मुलगी गटारात उतरली, वाजले सव्वादहा. त्याखाली दोन ओळी घातल्या. चालकाला बोलावून त्याचं म्हणणं लिहून घ्यावं. आणि या कामावर दिवसाला किती खेपा ठरल्या आहेत ते मालकाकडून लेखी मागावं. अर्ज पोलिसांकडे दिला, प्रत ग्रामपंचायतीला, पोच घेतली. सुपरवायझरला प्रत दिली नाही.

काही दिवसांनी बदल झाला. शाळेच्या वेळात गाड्या बंद. कोपऱ्यावरच्या मुलांनाही कौतुक वाटलं, काकूंनी तर शिरा पाठवला. मलाही बरं वाटत होतं, संध्याकाळी रस्त्यावर उभी राहीपर्यंत. सकाळच्या राहिलेल्या खेपा अंधार पडताना भरून काढत होते. तीच गाडी, तसाच वेग, आणि आता कडेने घरी परतणाऱ्या बायका, गुरं, कंपनीतून सुटलेली मुलं. रस्त्याला दिवे नाहीत.

आणि तोच पोरगा. त्याला काढलं नव्हतं, पोलिसांनी बोलावलं होतं, दंड झाला होता. दूध घ्यायला आला तेव्हा वाण्याच्या ओट्यावरच त्याने विचारलं, "मॅडम, लिहिलं तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली. राग होता की नव्हता, कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "इअरफोन काढला मी. पण खेपा कमी झाल्या नाहीत."

"किती आहेत, लिहून देशील?"

"माझं नाव नको." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "रॉयल्टीच्या पावत्या मागा. माल कधी भरला त्याची वेळ असते त्यांच्यावर. दोन पावत्यांमधलं अंतर मोजा म्हणजे समजून जाईल, किती जोरात पळावं लागते ते."

दुसऱ्या अर्जात मी त्या पावत्या मागितल्या आहेत, कलम १८३ च्या चौथ्या पोटकलमाचा आकडा घालून. अर्ज घेणाऱ्याने तो उलटसुलट पाहिला आणि हे महसूलचं, पोलिसांचं की आरटीओचं असं विचारलं. मी तिघांच्या नावाने तीन प्रती केल्या होत्या.